वकीलसाहेबांचा शेकर

कोणतीही वस्तू विकत घ्यायची असली की वकीलसाहेब आधी ती कानाशी धरत. कुलूप असो, कंदील असो, नाहीतर संत्रं. संत्रं ते कानाजवळ नेऊन अंगठ्यानं दाबत आणि बागवानाला सांगत, "कोरडं आहे. तूच ऐक." अमरावतीच्या बाजारात याचे किस्से होते. बाररूममध्ये तर त्यांची नक्कल हा दुपारच्या चहाचा भागच झाला होता. एकजण कपबशी कानाशी धरी, दुसरा विचारी, "काय म्हणते?" पहिला गंभीरपणे सांगे, "तारीख मागून राहिली."

त्या नकलांना मीही हसलो आहे. मी त्यांचा ज्युनिअर. मी हसलो नसतो तर लोकांना संशय आला असता, आणि संशय येऊ न देणं हेच माझं मुख्य काम होतं. वकीलसाहेबांना दिसत नव्हतं. अगदीच आंधळे नव्हते. माणूस ओळखू येई, दार कुठे आहे ते कळे, पण कागदावरचं अक्षर, बाटलीवरची चिठ्ठी, पायरीची कड हे सगळं धुक्यात गेलं होतं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ऑपरेशनचं नाव काढलं की म्हणत, "आमच्या वडिलांनी केलं होतं. आधी त्यांना धुकं दिसायचं. नंतर तेही दिसेना."

ही गोष्ट घरात त्यांना, त्यांच्या विधवा बहिणीला, म्हणजे माईंना, आणि मला एवढ्यांनाच माहीत होती. सकाळी साहेब अंगणात फेऱ्या घालत आणि मी पायरीवर बसून दाव्याचे कागद मोठ्यानं वाची. एकदा ऐकलं की ते त्यांचं झालं. दुपारी कोर्टात कागद डोळ्यांसमोर धरून ते घडाघडा वाचल्यासारखं बोलत. एकदा कागद उलटा धरला गेला. मी पुढे होऊन "साहेब, हा नव्हे, हा" म्हणत तोच कागद सुलटा करून हातात दिला. बाहेर आल्यावर म्हणाले, "बार्शीटाकळी, आज तू माझी अब्रू वाचवलीस." ज्युनिअरला ते गावाच्या नावानं हाक मारत. माझ्या आधीचा मूर्तिजापूर होता, त्याच्या आधीचा दर्यापूर. "नावं विसरतो मी," ते म्हणत. "गावं जागची हलत नाहीत, म्हणून लक्षात राहतात."

दिवस दारूबंदीचे. परमिटशिवाय घरात थेंब ठेवणं गुन्हा होता. परमिट डॉक्टरच्या दाखल्यावर मिळे, त्यामुळे जिल्ह्यातल्या बऱ्याच प्रतिष्ठित मंडळींना त्या काळी दमा तरी होता, नाहीतर झोप येत नव्हती. साहेबांना झोप येत नव्हती. बैठकीतल्या सागवानी कपाटात वरचे कप्पे कायद्याच्या रिपोर्टांचे आणि सर्वांत खालचा बाटल्यांचा. "वर कायदा, खाली अपवाद," असं ते पाहुण्यांना सांगत, आणि त्या एका कप्प्याला ऐटीत 'आमचा बार' म्हणत. स्वतः मात्र दिवेलागणीला एक पेला ब्रँडी कोमट पाण्यात घेत, तीही डोळे मिटून, काढा घेतल्यासारखी. कपाटाशेजारी त्या पाण्यासाठी स्टोव्ह, आणि तो पेटवायच्या स्पिरिटची बाटली खालच्याच कप्प्यात कोपऱ्याला.

बाकी सगळा खटाटोप एका माणसासाठी होता. वलगावचे भाऊसाहेब हे साहेबांचे शाळेपासूनचे मित्र. काळ्या जमिनीचे मोठे शेतकरी, आवाज असा की वाड्यात बोलले तर वावरातल्या गड्याला कळावं. दर शनिवारी बाजार आटोपून ते जीपनं साहेबांकडे येत. त्यांचं परमिट दम्याचं. पण दारू त्यांना कडू लागे.

"वकिला, हे काय पाजून राहिला बाप्पा? ढोराच्या डाक्टराकडून आणली काय?"

मग साहेबांनी मिसळायला सुरुवात केली. नागपूरला कायदा शिकत असताना कुठल्याशा क्लबात त्यांनी ते पाहिलं होतं. जिन, गावराण लिंबू, संत्र्याचा रस, साखर, बर्फ. हे सगळं तांब्यात घालून वर बशी दाबायची आणि हलवायचं. एका शनिवारी बशी निसटली आणि सगळं भाऊसाहेबांच्या परीटघडीच्या धोतरावर.

"मले पाजाले बोलावलं का धुवाले?" भाऊसाहेब ओरडले, आणि मग दोघं एवढे हसले की माई स्वयंपाकघरातून बघायला आल्या.

दुसऱ्या दिवशी साहेब म्हणाले, "शेकर पाहिजे, झाकण घट्ट बसणारं हलवायचं भांडं. खरा, साहेब लोक वापरतात तसा."

अमरावतीत तो कुठे मिळणार? पण अकोल्याला एका कापूस कंपनीचा गोरा साहेब विलायतेला परत चालला होता, आणि त्याच्या बंगल्यातल्या सामानाचा लिलाव होता. बडनेऱ्याहून आम्ही गाडी धरली. साहेबांच्या हातात थर्मास. मला वाटलं, चहा असेल.

बंगल्याच्या आवारात टेबलांवर सामान मांडलं होतं. शेकर तीन निघाले. साहेबांनी थर्मास उघडला, तेव्हा कळलं की त्यात बर्फ आहे. पहिला शेकर काचेचा, वर निकेलचं झाकण. त्यांनी पाणी घातलं, हलवला आणि लगेच खाली ठेवला. "हात ओला झाला की निसटणार. भाऊसाहेबांच्या पायावर पडला तर दावाच लागेल." दुसरा म्हणजे एकमेकांत बसणारे दोन मोठे पेले. तो चांगला होता, गळतही नव्हता, पण उघडताना साहेबांना तो उघडेना. तळहाताच्या खालच्या बाजूनं एक विशिष्ट ठोका मारावा लागे. मारून मारून त्यांचा हात लाल झाला. "हा पैलवानासाठी आहे. आणि दोन भाग वेगळे होताना कुठे ओततोय ते दिसलं पाहिजे."

शेवटचं वाक्य त्यांनी माझ्यापुरतं, हळू म्हटलं.

एव्हाना आमच्याभोवती माणसं जमली होती. उन्हं चढलेली. साहेब एकेक भांडं कानाशी धरून खुळखुळवत होते, वर्तमानपत्रात गुंडाळत होते आणि कागद बोटानं चाचपून कुठे ओल लागते का बघत होते. "बाबा, शंख फुंकना है क्या?" कोणीतरी म्हणालं. "घुंगरू घालून द्या त्यात!" हशा झाला. गर्दीत अकोल्याच्या कोर्टातला माझ्या ओळखीचा एक तरुण वकील होता. तोही हसत होता. माझे कान तापले.

तिसरा शेकर तीन भागांचा होता. खाली पोट, वर जाळीचं झाकण, त्यावर छोटी टोपी. चांदीसारखा झळझळीत. साहेबांनी त्यात बर्फ आणि पाणी घालून हलवला, बराच वेळ तसाच धरून ठेवला, मग टोपी ओढली. ती अलगद निघाली. "थंडीनं आवळत नाही," ते म्हणाले. नखानं वाजवला. कागदात गुंडाळला, कागद कोरडा. जाळीतून पाणी ओतून धार ऐकली. चेहरा असा खुलला की मी तो तसा क्वचितच पाहिला असेल. मग त्यांनी जाळी काढून ते पोट माझ्या हातात दिलं.

"आतून पाहून सांग."

मी भांडं उन्हाकडे तिरपं केलं. बाहेरून चांदी होती तो मुलामा होता. आत, तळाच्या कडेला, तो उडाला होता आणि बोटभर पितळ पिवळं उघडं पडलं होतं.

मी बार्शीटाकळीच्या भिक्षुकाचा मुलगा. कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात आई ताक ठेवू देत नसे. कळकतं, म्हणे. आंबट आणि उघडं पितळ एकत्र राहिलं की त्याचं विष होतं, हे मला अक्षरओळखीच्या आधी माहीत होतं. ते भांडं लिंबासाठी घेतलं जात होतं, हेही माहीत होतं.

मागे पुन्हा हसले. त्या ओळखीच्या वकिलानं शेजारच्याच्या कानात काहीतरी सांगितलं. आता मी "नको" म्हटलं असतं तर साहेबांनी सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं असतं.

"साफ आहे, साहेब," मी म्हणालो.

"नक्की?"

"नक्की."

शेकर आला आणि शनिवार रंगू लागले. साहेब तो उजव्या खांद्याशी धरून हलवत, डोकं एका बाजूला कललेलं, बर्फाचा आवाज ऐकत. आवाज जाडा असला की अजून थोडं. पातळ झाला की थांबायचं. "आता झालं," म्हणत टोपी काढत, आणि पेला बरोबर काठापर्यंत भरे, एक थेंब बाहेर नाही. ते बोट पेल्याच्या आतल्या कडेला टेकवून ओततात हे भाऊसाहेबांच्या कधी लक्षात आलं नाही. त्यांना ती वकिलाची एक लकब वाटे.

"आता लागून राहिलं सरबतासारखं," भाऊसाहेब म्हणत. "यानं दमा जाते का वाढते, काई समजत नाई."

माई महिन्यातून एकदा मोझरीच्या आश्रमात प्रार्थनेला जात. त्या खालच्या कप्प्यातलं काहीही हातात घ्यायचं नाही, असा त्यांचा नेम होता. घरातलं प्रत्येक भांडं त्या स्वतः घासून, आत बोट फिरवून, उजेडात धरून बघत. कल्हईवाल्याशी तर त्या भांडत. या एका भांड्याला त्यांनी कधी शिवलं नाही. "तुमचं तुम्ही धुवा," म्हणाल्या. धुवायचं काम माझ्याकडे आलं. पाहायचं होतं ज्यांनी, त्यांनी पाहायचं नाही असं ठरवलं होतं, निवडलं होतं ज्यांनी त्यांना दिसत नव्हतं, आणि दर रविवारी तो पिवळा डाग बघत होतो मी.

डाग वाढत होता. रस शेकरात मिनिटभरच असे, त्यामुळे काही होत नव्हतं. रस आधी काढून चिनी मातीच्या बरणीत साखरेबरोबर मुरायला ठेवायचा, हा साहेबांचा शिरस्ता. तरी भाऊसाहेबांनी पहिला घोट घेतला की मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत बसे. एकदा कल्हईवाला गल्लीत आला होता. मी शेकर कागदात गुंडाळून दारापर्यंत गेलो. माई ओसरीत होत्या. त्यांनी विचारलं असतं, चांदीच्या भांड्याला कल्हई कशाला? मी परत फिरलो.

त्याच वर्षी भाऊसाहेबांचा चुलतभावाशी जमिनीचा दावा चालू झाला. वकीलपत्र अर्थात साहेबांचं. साहेबांचं मत पडलं की तडजोड करावी. भाऊसाहेबांना ते झोंबलं. "त्यानं तुले काय पाजलं रे?" असं ते गमतीत म्हणाले, पण गंमत पुरती उतरली नव्हती. वलगावात लोक उघड बोलू लागले होते की समोरच्यानं वकील फोडला.

त्याच दिवसांतल्या एका शनिवारी दुपारी मला दुसऱ्या कोर्टात माझं स्वतःचं पहिलं काम होतं. रस काढून झाला, तर बरणी नाही. माईंनी ती लोणच्याला घेतली होती. मी इकडेतिकडे पाहिलं. स्वयंपाकघरात जाऊन स्टीलचं पातेलं मागता आलं असतं. उशीर होत होता. मी रस आणि साखर शेकरात ओतली, झाकण लावलं आणि शेकर बर्फाच्या पेटीत ठेवून निघालो. संध्याकाळच्या आत परत येऊन काढू.

काम लांबलं. मी परत आलो तेव्हा दिवे लागले होते. बैठकीतून भाऊसाहेबांचा आवाज रस्त्यापर्यंत येत होता.

"तडजोड, तडजोड! तुले काय जाते? माह्या बापाचं वावर हाय ते!"

"तुझ्याच बापाचं आहे म्हणून सांगतो. हरलास तर सगळंच जाईल."

मी दारात पोचलो आणि पाहिलं, शेकर साहेबांच्या खांद्याशी होता; रस त्यांना त्यातच सापडला असणार. ते हलवत होते, भांडत होते, आणि त्या दिवशी बर्फाच्या आवाजाकडे त्यांचं लक्ष नव्हतं.

"साहेब, थांबा," एवढंच म्हणायचं होतं. पुढचा प्रश्न आला असता: का? मी मनाशी म्हटलं, बर्फात होतं, गार वस्तूला काही होत नाही.

भाऊसाहेबांनी पेला उचलला. "आज कडसर लागून राहिलं रे."

"संत्र्याची साल उतरली असेल," साहेब म्हणाले, आणि दुसरा पेला भरला. भाऊसाहेबांनी रागाच्या भरात तोही एका दमात घेतला. साहेबांची ब्रँडी तशीच समोर होती.

थोड्याच वेळात भाऊसाहेबांनी पोट धरलं. मग ओकाऱ्या. कपाळावर घाम, ओठ पांढरे. अंगात पेटके येऊन तो आडदांड माणूस सतरंजीवर आडवा झाला आणि साहेबांकडे बघत म्हणाला, "वकिला... काय देल्लं तू मले?"

साहेबांनी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. जीपच्या ड्रायव्हरला हाका मारल्या. दोघांनी मिळून भाऊसाहेबांना सिव्हिल हॉस्पिटलात नेलं. माई देवापुढे जाऊन बसल्या. मी बैठकीत एकटा राहिलो.

मी शेकर उघडला. तळाशी हिरवट थर धरला होता. मी तो न्हाणीत नेला, चिंच आणि राख लावून घासला, तीनदा विसळला, पुसून जागेवर ठेवला. शेकर धुवायची सवयच होती, असं मी पुढे कितीतरी दिवस स्वतःला सांगत आलो. ती सवय नव्हती. मी काय करतोय ते मला पूर्ण कळत होतं.

भाऊसाहेब वाचले. सकाळी इन्स्पेक्टर आले. जिनची बाटली आणि स्पिरिटची बाटली दोन्ही उचलल्या. मला विचारलं, "रस कोणी काढला?"

"मी."

"त्यात काय होतं?"

"लिंबू, संत्रं, साखर."

सगळं खरं होतं. कोणत्या भांड्यात ठेवला होता, हे त्यांनी विचारलं नाही.

विचारलं नाही तोवर सांगायचं नाही, हे साक्षीदारांना आम्हीच शिकवत असू.

साहेब तेव्हा भिंतीला टेकून बसले होते. रात्रभर हॉस्पिटलच्या व्हरांड्यात होते, भाऊसाहेबांच्या मुलानं आत जाऊ दिलं नव्हतं. ते एकदम म्हणाले, "इन्स्पेक्टरसाहेब, माझ्या हातून झालं. जिनऐवजी मी स्पिरिट ओतलं. मला दिसत नाही."

इन्स्पेक्टर माझ्याकडे बघून हसले. "वकीलसाहेब, परवाच तर तुम्ही कोर्टात मलाच माझा पंचनामा वाचून दाखवला. ओळन् ओळ."

"पाठ होता."

कोणाचा विश्वास बसणार? माझ्या मेहनतीनंच तो बसेनासा झाला होता. भाऊसाहेबांनी निरोप पाठवला, ड्रायव्हरच्या तोंडी: "त्याले म्हणा, इतके वर्सं कोर्टात कागद वाचते, अन् मले पाजाच्या दिवशीच आंधळा झाला काय? म्हणा, मी जित्ता हाओ." त्याच्या मागोमाग वकीलपत्र काढून घेतल्याचा कागद आला. तो मीच साहेबांना वाचून दाखवला.

तपासणीत बाटल्यांमध्ये काही वावगं निघालं नाही, प्रकरण मिटलं. पण वलगावात लोकांनी ठरवलं की पोलीस यायच्या आत बाटली बदलली, आणि साहेबांनी ठरवलं की डोळ्यांनी दगा दिला. "आम्ही भांडत होतो ना," ते मला समजावून सांगत. "भांडणात माणूस वास घेत नाही. कोपऱ्यातली बाटली हाताला आली असणार. बार्शीटाकळी, तू सगळं माझ्यासाठी पाहायचास. एक दिवस तू नव्हतास आणि मी माझ्या मित्राला विष पाजलं."

हे ते मला अनेकदा म्हणाले. प्रत्येक वेळी मी मान खाली घातली, आणि ते त्यांना दिसलं नाही.

त्यांनी वकिली सोडली. ज्या माणसाला बाटली ओळखता येत नाही त्यानं लोकांच्या जमिनी सांभाळू नयेत, असं न्यायाधीशांना चेंबरमध्ये जाऊन सांगून आले. अमरावतीचं घर आवरून माईंबरोबर अकोल्याला भाड्याच्या दोन खोल्यांत गेले. अशील मला दिले. टेबल, कायद्याचे रिपोर्ट, ते सागवानी कपाटही. खालचा कप्पा रिकामा करून दिला. "तुझ्या फायली ठेव," म्हणाले.

माझी वकिली चांगली चालली. साहेबांचा माणूस म्हणून लोक येत. भाऊसाहेब दावा हरले, हे मी बाररूममध्ये ऐकलं. आता साहेबांची नक्कल कोणी करत नसे. विषय निघालाच तर लोक आवाज खाली करत. मीही करत असे.

काही वर्षांनी, माझ्या घरातच, बायकोनं एके दिवशी कढीचं भांडंच्या भांडं मोरीत ओतलं. नवीन बाई कामाला होती, तिनं कल्हई गेलेल्या पातेल्यात ठेवली होती. "कळकलंय, मेली असती मुलं," बायको म्हणाली. मी त्या मोरीकडे बघत उभा राहिलो आणि मग तिला सगळं सांगितलं. ती ऐकत होती तोवर हात पुसत होती. शेवटी म्हणाली, "हे मला सांगून काय उपयोग? अकोल्याला जा."

गेलो. साहेबांनी दरम्यान मोतीबिंदू काढून घेतले होते. जाड भिंगांमागे डोळे मोठे दिसत होते. मी खोलीत आलो तर त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. इतकी वर्षं शेजारी बसलो होतो, आणि माझा चेहरा ते नीट बघत होते पहिल्यांदाच.

"बार्शीटाकळी, तू बराच काळा आहेस की रे," म्हणाले आणि हसले.

मी सांगितलं. डाग, लिलाव, बरणी, न्हाणीतली राख, सगळं. मधे थांबलो नाही, कारण थांबलो असतो तर पुन्हा सुरू करता आलं नसतं. माई दारात उभ्या होत्या. "पितळ?" एवढंच त्या म्हणाल्या, आणि पदर तोंडाला लावून आत गेल्या.

साहेबांनी चष्मा काढला.

"म्हणजे बाटली मी बरोबर उचलली होती," ते म्हणाले.

"हो."

"स्पिरिट नव्हतं."

"नाही, साहेब."

ते उठले, खुंटीवरचा कोट काढला. वऱ्हाडी ते कोर्टाबाहेर, खूप रागात किंवा खूप आनंदात असले तरच बोलत. आता कशात होते, मला कळलं नाही.

"भाऊसाहेबाले सांगतलं?"

"नाही."

"मंग अथी काहून बसून राहिला? ऊठ."

अकोल्याहून अमरावती, तिथून वलगाव. साहेब सगळ्या वाटेत खिडकीतून बाहेर बघत होते. पऱ्हाटी फुटली होती, कापसानं वावरं पांढरी झाली होती. ते बघत होते, की नुसतेच तिकडे तोंड करून बसले होते, कोण जाणे. वलगावात उतरलो तेव्हा ऊन कललं होतं. भाऊसाहेब ओसरीवर खाटेवर होते. फार वाळले होते. त्यांनी साहेबांना पायरी चढताना पाहिलं, आणि उठायचं की नाही ते त्यांना ठरवता येईना.

साहेब त्यांच्याकडे बघून माझ्याकडे वळले. "सांग."

दुसऱ्यांदा सांगणं जास्त अवघड गेलं. भाऊसाहेब मधेमधे "कोठी?" "कवा?" असं विचारत होते, आणि प्रत्येक उत्तर मला मोठ्यानं द्यावं लागत होतं, कारण त्यांना आता कमी ऐकू येई. घरातली माणसं दारात जमली. ड्रायव्हर अंगणात थांबून ऐकत होता. माझं संपलं.

भाऊसाहेब माझ्याकडे बघेनात. ते साहेबांवर ओरडले.

"अन् तू! तुले येऊन मले इचारता नाई आलं? मेल्ला होतो काय मी?"

"मी आलो होतो हॉस्पिटलात. तुझ्या पोरानं—"

"पोट्ट्यानं हाकललं तं तू जाशील? आदी कवा गेल्ता तू माह्या म्हटल्यानं?"

"आणि तू कसा मानलंस, मी तुला विष घालीन?"

"तू म्हटलं ना तुले दिसत नाई! सारं गाव हासून राहिलं होतं मले!"

"दिसत नव्हतं मला!"

"मले काहून नाई सांगतलं मंग? मले?"

साहेब खाटेच्या कडेवर बसले. त्यांना दम लागला होता. भाऊसाहेबांनी त्यांचा चष्मा काढला, स्वतःच्या डोळ्यांना लावून बघितला, आणि परत दिला. दोघंही खाली बघत होते. मग भाऊसाहेबांनी आत हाक दिली, "पाट टाकाले सांगा. वकील जेवून जाईन." आणि माझ्याकडे बोट करून, अजून न बघताच, "याले बी."

वऱ्हाडात दारी आलेल्याला कोणी उपाशी पाठवत नाही. मी ओसरीच्या खांबाशी उभा होतो. चप्पल काढायला वाकलो.

"नको," साहेब भाऊसाहेबांना म्हणाले. आवाज शांत होता, कोर्टातला. "त्यांना जाऊ दे."

मी तसाच वाकलेला राहिलो.

"तुम्ही निघा आता," ते मला म्हणाले. "अमरावतीची गाडी मिळेल तुम्हाला. उद्या तुमचं काम असेल."

ते मला अहो-जाहो करत होते. रागावले असते, शिव्या दिल्या असत्या, तर मी तिथेच बसून राहिलो असतो.

मी नमस्कार केला. त्यांनी तो मान हलवून घेतला, जसा परक्या वकिलाचा घेतात. अंगण ओलांडलं तेव्हा मागे दोघं पुन्हा भांडायला लागले होते, हरलेल्या दाव्यावरून. तडजोड केली असती तर किती जमीन वाचली असती, हे साहेब मोठ्यानं सांगत होते आणि भाऊसाहेब ऐकून घेत नव्हते. रस्त्यापर्यंत ऐकू येत होतं. गाडी लगेच मिळाली.